दिवाणाची पत्रिका

“मॅडम, लांडग्याची ती शी तुम्ही जेवणाच्या डब्याशेजारीच ठेवता का?”

बोरमाळच्या शाळेतल्या पत्र्याच्या हॉलात हेडसरांनी डोळे मिटून घेतले. मागच्या बाकावर सादिया आणि अक्षता एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या, कारण प्रश्न त्यांचा होता. दोन मटका कुल्फ्यांच्या पैजेवर त्यांनी तो किमयाच्या गळ्यात बांधला होता. वर्षभरापूर्वी हीच किमया देवकाते हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा पुटपुटायची. पण दिवाळीनंतर तालुक्याच्या खो-खोत तिने एका डावात पाच गडी बाद केले आणि तेव्हापासून तिचा आवाज जो सुटला, तो सुटलाच. ‘दहावीचं वर्ष आहे, जरा दमानं घे,’ असं तिला घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि एकदा तर एसटीच्या कंडक्टरनेही सांगून झालं होतं.

माळावरच्या लांडग्यांचा अभ्यास करायला पुण्याहून आलेल्या डॉक्टर केळुसकर मॅडमनी शांतपणे चष्मा पुसला.

“शेजारी नाही, एकाच पिशवीत. मागच्या मंगळवारी गडबडीत नको ती डबी उघडली. तेव्हापासून जेवणाच्या डब्यावर ‘भेंडी’ असं लिहून ठेवते. नाव काय तुझं?”

“किमया.”

“किमया, उद्या सकाळी सहाला माळावर ये. प्रश्न विचारणाऱ्याने पिशवी धरायची, अशी आमच्यात पद्धत आहे.”

अशा रीतीने किमयाला दोन कुल्फ्या मिळाल्या आणि सोबत एक नोकरीही लागली.

आता मॅडमनी टेबलावर ठेवलेल्या त्या यंत्राबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यामुळेच झाला. दिसायला ते चार पुडांच्या जेवणाच्या डब्याएवढं. लांडगा माळावर शी करून जातो, तेव्हा तिच्या वरच्या थरावर त्याच्या आतड्यातल्या पेशी चिकटून येतात. प्रत्येक पेशीत त्याच्या शरीराचा सगळा आराखडा लिहिलेला असतो. अक्षरं चारच, पण ओळ कोट्यवधी अक्षरांची, आणि ती एका अतिबारीक धाग्यावर. यंत्रात त्या धाग्याहून जेमतेम रुंद अशी भोकं असतात. धागा भोकातून सरकताना प्रत्येक अक्षराला विजेचा प्रवाह किंचित वेगळा थरथरतो, आणि ती थरथर यंत्र वाचतं. मॅडमच्या विद्यार्थिदशेत यासाठी नमुने मोठ्या शहरात पाठवून महिनोन्महिने वाट बघावी लागायची. आता चाळीस मिनिटं लागतात. नर की मादी, आई कोण, बाप कोण, पिल्लं कुणाची, सगळं कळतं.

“थोडक्यात,” मॅडम म्हणाल्या, “लांडग्याला न पकडता, न घाबरवता, त्याच्या अख्ख्या कुटुंबाचं रेशनकार्ड तयार.”

यंत्र सहा महिने ग्रामपंचायतीत राहणार होतं. गावाने मदत करावी म्हणून मॅडमनी एक सवलत दिली: दुपारी तीन ते पाच कुणीही आपल्या जनावराची लाळ आणून तपासून घ्यावी. ही त्यांची पहिली आणि शेवटची चूक. गावाने यंत्रातून निघणाऱ्या कागदाला ‘पत्रिका’ म्हणायला सुरुवात केली आणि पंधरा दिवसांत बोरमाळात हाहाकार उडाला. सरपंचांच्या नवसाच्या खिलार बैलात पाव हिस्सा जर्सी निघाली. म्हेत्र्यांच्या शेळीची तिन्ही करडं ज्या बोकडाची म्हणून तिघांत वाटली होती, तो बोकड त्यातल्या एकाचाही बाप नव्हता; खरा बाप शेजारच्या दाराशी रवंथ करत उभा होता. चाळीस वर्षं एका ताटात जेवलेली दोन घरं एकमेकांकडे पाठ करून बसू लागली.

या सगळ्या गदारोळात एका माणसाने मात्र यंत्रापासून चार हात लांब राहायचं ठरवलं होतं. तो माणूस म्हणजे किमयाचे पप्पा, डाळिंबवाले भानुदास देवकाते, म्हणजे गावाचे भानूअण्णा.

भानूअण्णांकडे दिवाण होता. दिवाण म्हणजे कारवान जातीचा शिकारी कुत्रा. पोट पाठीला लागलेलं, पाय काठीसारखे, चाल अशी की मागे पालखी येत असावी. तीन वर्षं जत्रेतल्या श्वान प्रदर्शनात पहिला नंबर. त्याच्या घराण्याची एक वही देवघरात लाल कापडात बांधून ठेवलेली असे. तीत अकरा पिढ्या लिहिलेल्या. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर अण्णा म्हणत, “असंल काहीतरी.” दिवाणाचा पणजा मात्र तोंडपाठ: “बादशहा, घाटावरच्या सरदारांचा. सोळा आणे शुद्ध रक्त. खानदानी कुत्रं भुंकत न्हाई, बघ.”

दिवाण खरंच भुंकत नसे. फक्त सकाळी नऊला ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला की तो अंगणात बसायचा, तोंड आभाळाकडे करायचा आणि लांबलचक, थरथरता सूर लावायचा.

“गानरसिक आहे,” अण्णा म्हणायचे.

किमयाची आई शैला गावची पिठाची गिरणी चालवायची. ती यावर काही बोलायची नाही. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे तिला मोजकंच बोलायची सवय होती, आणि ऐकायची त्याहून जास्त.

खिलाराच्या प्रकरणानंतर अण्णांनी घरात फर्मान काढलं, “आपल्या दिवाणाचा एक केससुद्धा त्या डब्यापर्यंत जाता कामा न्हाई.” त्यांनी अंगण दिवसातून दोनदा झाडायला सुरुवात केली. पाण्याची परात तीनदा धुऊ लागले. आणि एके सकाळी बोरमाळने इतिहासात पहिल्यांदा असं दृश्य पाहिलं, की एक धट्टाकट्टा बागायतदार हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन कुत्र्याच्या मागे मागे चालतोय आणि वाकून वाकून गोळा करतोय.

“अण्णा, स्वच्छता अभियान का?” पारावरून कुणीतरी विचारलं.

“खत,” अण्णा म्हणाले.

इकडे किमयाची पहाट माळावर उगवू लागली होती. कुसळी गवत, बोरीची झुडपं, आणि मध्येच एखाद्या दगडावर ऐटीत केलेली शी. लांडगे आपली हद्द अशी दगडावर लिहून ठेवतात. किमया चिमट्याने उचलायची, डबीवर जागा आणि वेळ लिहायची. माळावर सात लांडगे होते. त्यांतली एक मादी तिला दोनदा दिसली. डाव्या कानाला चीर पडलेली, आणि चालणं अगदी किमयाच्या करमाळ्याच्या काकूसारखं: मान पुढे, घाई फार, कुणाला ओळख द्यायची नाही. किमयाने तिचं नाव काकूच ठेवलं. काकूने दुसऱ्यांदा थांबून तिच्याकडे पाहिलं, ‘तू अजून इथेच?’ अशा नजरेने, आणि किमया दिवसभर कुणाशी धड बोलली नाही. सादियाने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

महिन्याभराने तीन नव्या पिल्लांच्या पत्रिका निघाल्या. मॅडमनी कागद बघितले, यंत्र पुसून पुन्हा चालवलं, पुन्हा बघितले, आणि किमयाला खुर्ची दिली.

काय झालं ते किमयाने त्याच संध्याकाळी गिरणीत आईला सांगितलं. दळणाला आलेल्या चार बायका होत्याच.

“समजा, दोन गजरे आहेत. एक मोगऱ्याचा, म्हणजे लांडगा. एक अबोलीचा, म्हणजे कुत्रा. प्रत्येकाला एक गजरा आईकडून मिळतो, एक बापाकडून. या पिल्लांकडे एक अख्खा मोगऱ्याचा आहे, तो काकूचा.”

“कुठली काकू?” एकीने दचकून विचारलं.

“लांडगीण. आणि दुसरा जवळजवळ अख्खा अबोलीचा. म्हणजे बाप कुत्रा. पुढच्या पिढीत काय होतं, की गजरे पिल्लाला देताना मध्ये तोडून, एकमेकांचे तुकडे जोडून दिले जातात. मग मोगऱ्यात अबोलीचा हातभर तुकडा. त्याच्या पुढच्या पिढीत वीतभर, मग बोटभर. पाच-पन्नास पिढ्यांनी एखाददुसरी कळी उरते. म्हणजे तुकडा किती लांब, यावरून भेसळ किती जुनी ते कळतं. इथे गजरा अख्खाच आहे. म्हणजे भेसळ यंदाची.”

“मग होऊ दे की,” बाजरीवाली म्हणाली, “लेकरं ती लेकरंच.”

“लेकरं गोडच आहेत. पण असंच चालू राहिलं तर वीस वर्षांनी माळावर फिरणारं जनावर दिसायला लांडगा, आणि आतून आपला खंड्या कुत्रा. लांडगा मरत नाही, विरघळतो.” हे वाक्य मॅडमचं होतं, पण किमयाने ते इतक्या थाटात म्हटलं की बायकांना ते तिचंच वाटलं.

खरी अडचण पुढे होती. माळ लांडग्यांसाठी राखायचा की तिथे सौर पट्ट्या अंथरायच्या, हे ठरवायला महिनाअखेरच्या शुक्रवारी समिती येणार होती. नियम स्पष्ट होता. भेसळ चालू असेल तर कळप लांडग्यांत धरायचा नाही आणि माळ राखीव नाही. पण पिल्लांचा बाप सापडला, त्याची आणि तिन्ही पिल्लांची नसबंदी झाली, तर भेसळ थांबली असं लिहिता येत होतं. मग काकू तिच्या माळावर राहणार. पिल्लांना बेशुद्ध करून आणून परत सोडायची तयारी मॅडमनी केली होती. बाप तेवढा हवा होता.

आईने गिरणीचा पट्टा थांबवला. “अबोलीवरून कुत्रा कुठल्या जातीचा, हे कळतं का गं?”

“कळतं,” किमया म्हणाली, आणि पायाच्या अंगठ्याने पीठ उकरू लागली. “कारवान.”

गावात कारवान बाराच होते. त्यातले अकरा दिवाणाची मुलं नाहीतर नातवंडं. अकराही जणांनी लाळ दिली. एकेक पत्रिका निघत गेली: ‘पिल्लांचा सावत्र भाऊ.’ ‘पिल्लांची सावत्र बहीण.’ ‘पिल्लांचा पुतण्या.’ अकराव्या कागदापर्यंत पारावरच्या शेंबड्या पोरालाही बाप कोण ते कळलं होतं. पण नियमाला ‘जवळजवळ’ चालत नाही. त्याला बापाची स्वतःची लाळ लागते.

ग्रामसभेत सरपंच उठले. खिलाराची जखम ओली होती. “अण्णा, सगळ्यांनी दिली. तुमच्याच दिवाणाला लाज का?”

अण्णा ताठ उभे राहिले. “दिवाणावर संस्कार आहेत. पण पंचांचा मान म्हणून देतो. मी स्वतः उद्या लाळ आणून देतो.”

टाळ्या झाल्या. किमयाला इतकं बरं वाटलं की ती रात्री भाकरी एक जास्त जेवली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी सगळ्यांसमोर बंद नळी मॅडमच्या हातात ठेवली आणि खुर्चीवर पायावर पाय टाकून बसले. चाळीस मिनिटांनी कागद निघाला. मॅडमनी तो आधी मनात वाचला, मग खोकल्या, मग मोठ्याने वाचला.

“शेळी. उस्मानाबादी. मादी.”

पंचायतीच्या खिडक्यांना लोक लटकले होते. त्यातले दोन खाली पडले. अण्णा म्हणाले, नळी बदलली असंल. घरी आल्यावर आईने फक्त एवढंच विचारलं, “निदान बोकड तरी घ्यायचा होता.”

किमयाला मात्र हसू येईना. ती अंगणात पप्पांच्या शेजारी जाऊन बसली. दिवाणाने तिच्या बाहीवर हनुवटी ठेवली आणि सवयीप्रमाणे ती लाळेने भिजवली. म्हणजे लाळ मिळवणं अवघड नव्हतंच. रोज तिच्या युनिफॉर्मवर एक अख्खा पुरावा वाळत असे.

“पप्पा, पुढच्या शुक्रवारी समिती येणार. मी काकूला बघितलंय.”

“कुठल्या काकूला?”

“लांडगिणीला. तिनं पण मला बघितलंय. माळ गेला तर ती जाणार कुठं?”

अण्णांनी दिवाणाच्या कानावरची गोचीड काढली. “पोरी, तीन तालुक्यांत माणसं मला ‘दिवाणवाले’ म्हणून ओळखतात. डाळिंब सगळ्यांचंच हाय. एकवीस जणांनी पिल्लासाठी नावं लावून ठेवलीत. उद्या म्हणतील, दिवाणवाल्याचा कुत्रा माळावर तोंड मारत फिरतो. माझ्याकडं दुसरं हाय काय सांगायला?”

खो-खोत पाच गडी बाद करणं सोपं, पप्पांना बाद करणं अवघड.

पण रात्री दप्तर भरताना तिला दिवाणाचं श्वानपत्र, म्हणजे त्याच्या मालकीचा कागद, सापडलं. बारा वर्षांची असताना तिने जत्रेतल्या प्रदर्शनात बालगटात दिवाणाला रिंगणात फिरवलं होतं. त्यासाठी कुत्रा तिच्याच नावावर असणं भाग होतं. ते नाव नंतर कुणी बदलून घेतलं नव्हतं. कागदावर स्वच्छ लिहिलेलं: ‘मालक: कु. किमया भानुदास देवकाते. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर स्वतःची सही ग्राह्य.’ किमयाला सोळावं लागून दोन महिने झाले होते.

चोरून करायचं नाही, हे तिने ठरवलं. शनिवारी अकरा वाजता, बाजाराच्या भर गर्दीत, तिने दिवाणाला प्रदर्शनाचा लाल पट्टा घातला आणि मधल्या रस्त्याने निघाली. दिवाणाला वाटलं, प्रदर्शनच आहे. त्याने मान उचलली, पालखीची चाल धरली, आणि पंचायतीच्या पायरीवर तीन मिनिटं न हलता असा उभा राहिला की एका आजोबांनी नमस्कार केला. पानाच्या टपरीशी अण्णा उभे होते. हातातलं पान त्यांनी कागदात परत गुंडाळलं, एवढंच किमयाने पाहिलं. आणि तेच तिला दिवसभर दिसत राहिलं.

पत्रिका जुळली. बाप दिवाणच.

मॅडमनी तिला दोन पानं दिली. “पहिलं पान माळाच्या अहवालात जाईल. दुसऱ्याचा अहवालाशी संबंध नाही. ते मालकाचं. कुणाला दाखवायचं, ते तू ठरव. मी तोंड उघडणार नाही.”

किमयाने ते बोरीच्या झुडपाआड बसून वाचलं, आणि मग उभं राहून वाचलं. दिवाणाच्या अबोलीच्या गजऱ्यात मोगऱ्याचे तुकडे होते. कळ्या नव्हेत, चांगले वीतभर तुकडे. म्हणजे भेसळ ताजी, तीनच पिढ्यांमागची. दिवाणाचा एक पणजोबा लांडगा होता. सोळा आण्यांत दोन आणे.

घरी जाऊन तिने देवघरातली वही उघडली. अकरा पिढ्या काळ्या शाईत, तिच्या आजोबांच्या बारीक अक्षरात. फक्त एका जागी, दिवाणाची पणजी मैना हिच्या नावापुढे, ‘नर: बादशहा, घाटावरच्या सरदारांचा’ ही ओळ हिरव्या शाईत होती. आजोबा चार वर्षांपूर्वी वारले होते. विचारणार कुणाला?

तीन दिवस अण्णा किमयाशी बोलले नाहीत. जेवणाचं ताट घेऊन ते दिवाणाजवळ अंगणात बसायचे. “तुला काय कमी केलं होतं रे मी?” ते विचारायचे, आणि दिवाण त्यांच्या ताटातली भाकरी खायचा. दुसरं पान दप्तरात होतं. ते एकदा पप्पांच्या हातात ठेवलं की संपलं, हे किमयाला पक्कं ठाऊक होतं. ‘तोंड मारणारा कुत्रा’ एका क्षणात ‘लांडग्याचा पणतू’ झाला असता. किती वेळा तिचा हात दप्तरात गेला आणि रिकामा बाहेर आला.

कारण गावाची हवा फिरायला लागली होती. आधी टोमणे आले. “अण्णा, तुमचे व्याही माळावर राहतात म्हणं. लग्नात मानपान काय करणार, शेळी का?” मग टोमण्यांत हळूच दुसरा सूर आला. गिरणीत दोघांनी विचारलं, त्या तीन पिल्लांतलं एखादं पकडता येईल का. शुक्रवारला पाच दिवस राहिले असताना किमयाला माळावर, बरोबर काकूच्या दगडापाशी, एक कुत्री खुंटीला बांधलेली दिसली. पुढे पाण्याची वाटी. जरा लांब छत्री उघडून पोपट जगदाळे बसलेले, चांगले पन्नाशीचे गृहस्थ.

“जगदाळेकाका, हे काय?”

“सोयरीक जुळती का बघतोय. भानूअण्णाचं जुळलं, मग आमचं का न्हाई?”

किमयाने कुत्री सोडली. काकांना छत्रीसकट गावापर्यंत चालवत आणलं, आणि वाटेत गजऱ्यांची गोष्ट दोनदा सांगितली. पण तिला कळून चुकलं. नुसत्या जावईपणावर लोक खुंट्या ठोकताहेत. दिवाण लांडग्याचा पणतू आहे हे कळलं तर अख्खा तालुका माळावर छत्र्या घेऊन बसेल. दुसरं पान फोडायचं नाही. आणि दिवाणाचं ऑपरेशन? पप्पांनी आईच्या मार्फत निरोप दिला होता: “बांधून ठेवतो म्हणावं. पण वंश तोडणार न्हाई.” बांधलेला कुत्रा नियमाला चालत नव्हता.

सोमवारी दुपारी किमयाने तालुक्याच्या पशुदवाखान्यात जाऊन अर्ज भरला.

मंगळवारी सकाळी तिघं चहाला बसले. चौथा उंबऱ्यात. अण्णांनी चहा बशीत ओतला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा लेकीकडे बघितलं.

“केळुसकर बाईंनी दोन कागद दिले म्हणं. पारावर चर्चा हाय. दुसऱ्यात काय हाय?”

“काही विशेष नाही, पप्पा.”

तेवढ्यात नऊचा भोंगा वाजला. दिवाण उठून अंगणात गेला, मागच्या पायांवर बसला, नाक आभाळाकडे केलं आणि आपला लांब सूर लावला.

“गानरसिक,” अण्णा सवयीने म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता.

“पणजोबावर गेलाय,” आई म्हणाली आणि चहात खारी बुडवली.

किमयाचा कप हातात राहिला. अण्णांची बशी ओठांपाशी थांबली. “म्हंजे?”

“म्हंजे काय? तुम्ही हंगामाला कारखान्याच्या ट्रकवर होता. किमया पोटात होती. मैना सुटून माळावर गेली, ती नवव्या दिवशी आली. आणि मग ती पिल्लं, तसल्या डोळ्यांची. मामंजी म्हणाले, भानूला वाईट वाटंल, काहीतरी चांगलं नाव सुचव. मी बादशहा सुचवलं.” आईने खारीचा तुकडा बोटाने बाहेर काढला. “हिरवं पेन माझंच होतं.”

“सोळा वर्षं?” अण्णा म्हणाले. “सोळा वर्षं मी गावभर सोळा आणे, सोळा आणे...”

“तुम्ही खूश होता. कशाला बोलायचं?”

किमयाने आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून दप्तरातून पान काढलं. अण्णांनी ते वाचलं. उलटं धरलं होतं, ते सुलटं करून पुन्हा वाचलं. आणि मग किमयाच्या डोळ्यांदेखत त्यांची पाठ मणक्या-मणक्याने सरळ होत गेली.

“दोन आणे लांडगा,” ते हळूच म्हणाले. मग मोठ्याने, “दोन आणे लांडगा हाय माझा दिवाण. तीन तालुक्यांत हाय का कुणाकडं? मग तो माळावर तोंड मारायला न्हाई गेला, आजोळी गेला होता. शैला, एसटी स्टँडवर मोठा फ्लेक्स लावू. मधी दिवाण, मागं चंद्र. एकवीस नावं हायेत, ती शंभर होतील.”

आईने किमयाकडे बघितलं. त्या नजरेत ‘मी माझं बोलले, आता तुझं तू’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

किमया उठून उभी राहिली.

“पप्पा, फ्लेक्स लागणार नाही. उद्या दहा वाजता पशुदवाखान्यात दिवाणाचं ऑपरेशन आहे. मालकाची सही मी काल केली. त्याची पिल्लं आता होणार नाहीत, ती एकवीस नावं मी स्वतः घरोघर जाऊन खोडून येईन, आणि शिव्या मी खाईन. तुम्ही गाडी चालवायची, कारण दुसऱ्या कुणी चालवली की त्याला उलटी होते. आई, तू मागे बसून त्याचं डोकं मांडीवर घ्यायचं. हे दुसरं पान वहीत राहील आणि आपल्या चौघांत राहील. तुम्हाला कुणाला सांगावंसं वाटलं तर दिवाणाला सांगा, तो भुंकत नाही. हिरवी ओळ मी खोडणार नाही, ती आजोबांची आहे. पण वहीतली शेवटची ओळ उद्या घरी आल्यावर मी लिहिणार आहे. काळ्या पेनाने.”